फोटो लहान करायचा, पण कोणत्या मापाने?

म्हैसूरला नजरबादमध्ये एक होमस्टे आहे असं धरून चालू. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून आलेली मंडळी तिथे उतरतात. सकाळी मैलारीचा डोसा, संध्याकाळी राजवाड्याची रोषणाई, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. मालकाला वेबसाइटवर एक सोय हवी आहे. पाहुण्याने मोबाइलमधला आपला फोटो निवडावा, बोटाने ओढून-ताणून चौकटीत बसवावा, खाली मराठीत शुभेच्छा याव्यात आणि सहा बाय चार इंचांचं कार्ड उतरवून घेता यावं. हे काम तुमच्याकडे आलं आहे.

फॅब्रिक ही जावास्क्रिप्ट लायब्ररी हाताशी असेल तर पहिला नमुना एका दुपारी उभा राहतो. तक्रारी त्यानंतर सुरू होतात. फोटो अंधुक दिसतो, चेहरे लांबुळके होतात, आयफोनवर कार्ड कोरंच उतरतं, राजवाड्याचे दिवे विझल्यासारखे दिसतात. वरवर या चार वेगळ्या तक्रारी आहेत, पण बहुतेकींचं मूळ एकच असतं. कॅनव्हासवरच्या चित्राला एकाच वेळी तीन-चार मापं असतात आणि आपण त्यांतलं नेमकं कोणतं बदललं, हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

कॅनव्हास 2004 साली ॲपलने आपल्या ब्राउझरच्या इंजिनात आणला आणि पुढे तो सगळ्यांनी उचलला. त्याचं एक माप पिक्सेलचं, म्हणजे आत किती ठिपके साठवले आहेत ते. दुसरं माप सीएसएसचं, म्हणजे पडद्यावर तो किती जागा व्यापतो ते. पहिलं माप दिलं नाही तर ब्राउझर 300 बाय 150 धरतो. नवशिके फक्त सीएसएसमध्ये रुंदी 600 लिहितात आणि चित्र अंधुक का, म्हणून डोकं धरून बसतात. आतले ठिपके 300 च आहेत, ते नुसते ताणले गेलेत. त्यावर आजच्या मोबाइलची तिसरी गोष्ट येते. ज्याला सीएसएस एक पिक्सेल म्हणतं, तिथे पडद्यावर प्रत्यक्षात आडवे दोन किंवा तीन ठिपके असतात. 360 रुंदीच्या, तिप्पट घनतेच्या पडद्यावर कॅनव्हास खणखणीत दिसायचा तर आत 1080 ठिपके हवेत. फॅब्रिक हे आपणहून करतं, साध्या कॅनव्हासवर मात्र ते तुम्हाला करावं लागतं. आणि एक लक्षात असू द्या. कॅनव्हासची पिक्सेल-रुंदी कोडमधून बदलली की आतलं सगळं चित्र पुसलं जातं, आकडा तोच दिला तरी. मोबाइल आडवा केल्यावर कार्ड गायब झालं, तर पहिला संशय इथे घ्यावा.

आता कार्डाचं माप ठरवू. सहा बाय चार इंच, छपाईसाठी इंचाला 300 ठिपके, म्हणजे 1800 बाय 1200. माझा सल्ला असा की सगळा हिशेब याच आकड्यांत करा. फोटो कुठे ठेवला, मजकूर किती मोठा, कडेला किती जागा सोडली, सगळं 1800 बाय 1200 च्या चौकटीत मोजायचं. पडद्यावर दाखवताना कॅनव्हासची रुंदी मोबाइलला मानवेल तेवढी ठेवायची आणि फॅब्रिकचा झूम त्या प्रमाणात लावायचा. 360 रुंदी असेल तर झूम 0.2. मोबाइल आडवा झाला, टॅबलेट आला, तर फक्त रुंदी आणि झूम बदलतो, फोटोच्या जागेचे आकडे हलत नाहीत. अनेक जण उलटं करतात. पडद्यावरच्या 360 मध्ये सगळं मांडतात आणि शेवटी छपाईसाठी पाचाने गुणत बसतात. एका मोबाइलवर ते जमतं, दुसऱ्यावर मजकूर चौकटीबाहेर जातो.

फोटो आत येतो तेव्हा

पाहुण्याने निवडलेला फोटो साधारण 4000 बाय 3000 चा असतो. फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण ती उलगडली की दर ठिपक्याला चार बाइट या हिशेबाने 4 कोटी 80 लाख बाइट मेमरीत जातात. असा फोटो जसाच्या तसा फॅब्रिकला दिला तर बोटाने ओढताना दर क्षणी तो सबंध फोटो लहान करून रंगवावा लागतो आणि साधा मोबाइल धापा टाकतो. म्हणून फोटो आत येताच एकदाच, नीट, लहान करून घ्यावा आणि फॅब्रिकच्या हातात ती लहान प्रत द्यावी. लांब बाजू 2400 पुरते. तेवढ्याने मेमरी 1 कोटी 73 लाख बाइटांवर येते आणि पाहुण्याने थोडं जवळ ओढलं तरी छपाईला ठिपके कमी पडत नाहीत.

फाइल वाचण्यासाठी तिची भलीमोठी अक्षरमाळ करू नका, तिने आकार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. ऑब्जेक्ट यूआरएल करा आणि काम झालं की तो मोकळा करा. आयफोन 2017 पासून फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो आणि तो प्रकार बहुतेक ब्राउझरांना उघडता येत नाही. फाइल निवडण्याच्या खिडकीत फक्त जेपेग चालेल असं लिहिलं तर आयफोन स्वतःच बदलून देतो. फोटो आडवा येण्याची जुनी कटकट 2020 पासून जवळपास मिटली आहे. फोटोत नोंदलेली दिशा पाहून ब्राउझरच तो सरळ करतात. जुन्या कोडातून उचललेली फिरवाफिरवी मात्र शिल्लक असेल तर फोटो दोनदा फिरतो, ती काढून टाका.

आता लहान कसं करायचं, आणि खरी गंमत इथेच आहे.

उदाहरणाला राजवाड्याचाच फोटो घेऊ. म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा 1897 साली जळाला. हेन्री आयर्विनच्या आराखड्याने बांधलेला आजचा राजवाडा 1912 साली पुरा झाला. त्याच्या कमानी, घुमट आणि कडांवर लाखाच्या घरात दिवे आहेत, रविवारी आणि सणासुदीला संध्याकाळी ते एकदम पेटतात. त्या क्षणी शेकडो मोबाइल वर होतात. तोच फोटो होमस्टेच्या पानावर 500 रुंदीच्या छोट्या चौकटीत टाकायचा आहे. 4000 वरून 500 म्हणजे आठपट लहान. नव्या चित्रातला एक ठिपका जुन्या 64 ठिपक्यांच्या जागी बसतो. पण ब्राउझर घाईच्या पद्धतीने काम करत असेल तर त्या 64 पैकी शेजारशेजारचे चारच वाचतो आणि बाकीचे 60 सोडून देतो. आकाशाच्या फोटोत हे कळतही नाही. राजवाड्याच्या फोटोत मात्र एकेक दिवा दोन-तीन ठिपक्यांचाच असतो. वाचलेल्या चारांत तो आला तर झगझगतो, नाही आला तर नाहीसा होतो. सरळ ओळीतले दिवे मग मध्येच तुटलेल्या माळेगत दिसतात आणि कमानीच्या कडेवर नसलेल्या लाटा उमटतात.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. कॅनव्हासच्या संदर्भावर इमेज-स्मूदिंग-क्वालिटी नावाचा गुणधर्म असतो, तो मुळात 'लो' असतो, त्याला 'हाय' करा. सगळे ब्राउझर ही सूचना सारख्याच निष्ठेने पाळत नाहीत, तेव्हा तिच्यावर सगळा भार टाकू नका. दुसरा उपाय जुना आणि भरवशाचा आहे. एका उडीत न जाता निम्मं-निम्मं करत उतरायचं. 4000 चे 2000, त्याचे 1000, त्याचे 500. बरोबर निम्मं करताना दर चार ठिपक्यांची सरासरी होते आणि एकही ठिपका वगळला जात नाही. तिसरा, पिकासारखी फक्त याच कामाची लायब्ररी घेणं. ती चांगल्या प्रतीची गाळणी वापरते आणि काम मागच्या मागे, पडदा न अडवता करते. फॅब्रिकमध्येही रिसाइझ नावाचं फिल्टर आहे आणि त्यात लँक्झोस पद्धत निवडता येते. पण ओढाओढी चालू असताना ते लावणं जड जातं. मी पिका घेईन, तीही फोटो आत येताना एकदाच.

एवढं करूनही रात्रीचा राजवाडा मूळ फोटोपेक्षा मंद दिसतो. त्याचं कारण सरासरीच्या गणितात आहे. समजा चार ठिपक्यांत एक दिवा आहे, पूर्ण पांढरा, म्हणजे 255. बाकीचे तीन काळे, म्हणजे शून्य. ब्राउझर बेरीज करून चाराने भागतो आणि 64 लिहितो. पण हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याच्या सोयीने ते वाकवून साठवलेले असतात. 64 या आकड्याने पडद्यावर पूर्ण प्रकाशाच्या जेमतेम पाच टक्के प्रकाश पडतो. खरं तर तो पंचवीस टक्के पडायला हवा होता, आणि त्यासाठी तिथे 137 लिहायला हवं होतं. म्हणजे दर वेळी निम्मं करताना दिव्यांचा उजेड खाल्ला जातो. उपाय असा: ठिपके वाचून घ्यायचे, 256 खणांच्या तक्त्यावरून प्रत्येक आकड्याचा खरा प्रकाश काढायचा, सरासरी त्याची करायची आणि उत्तर परत वाकवून लिहायचं. हे वेब वर्करमध्ये चालवा, नाहीतर पान गोठतं. दिवसाच्या फोटोला, माणसांच्या चेहऱ्यांना याची गरज नाही. पण रोषणाई, फटाके, दिवाळीच्या पणत्या, गणपतीचा रात्रीचा मांडव असे फोटो असतील तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघा, फरक सांगावा लागणार नाही.

फॅब्रिकच्या हातात

फॅब्रिक 2010 पासून आहे, त्यामुळे जुने नमुने ढिगाने सापडतात आणि तेच तापदायक ठरतं. सहाव्या आवृत्तीपासून फोटो आणण्याची पद्धत बदलली. पूर्वी पत्त्यासोबत कॉलबॅक द्यायचा, आता प्रॉमिस परत येतं. जुना कोड नव्या आवृत्तीत टाकला की धड चूक दाखवणारा संदेशही येत नाही आणि फोटोही येत नाही. तेव्हा नमुना उचलण्याआधी तो कोणत्या आवृत्तीचा, हे बघा.

दुसरा सापळा रुंदीचा. फॅब्रिकमध्ये फोटोच्या वस्तूला विड्थ आणि हाइट असतात आणि स्केल-एक्स, स्केल-वाय असतात. फोटो लहान करायचा म्हणून विड्थ कमी केली तर तो लहान होत नाही, कापला जातो. दुसऱ्या आवृत्तीपासून विड्थचा अर्थ मूळ फोटोतला किती भाग दाखवायचा असा आहे. आकार बदलतो तो स्केलने. आणि आत्ता दिसणारी रुंदी हवी असेल तर विड्थ विचारू नका, गेट-स्केल्ड-विड्थ विचारा. कोन्व्हा ही दुसरी कॅनव्हास-लायब्ररी वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथला ट्रान्सफॉर्मरही ओढताना रुंदी बदलत नाही, स्केल बदलतो.

स्केलचा आकडा हाताने काढा. आपली 2400 बाय 1800 ची प्रत 1800 बाय 1200 च्या चौकटीत बसवायची आहे. 1800 भागिले 2400 म्हणजे 0.75, आणि 1200 भागिले 1800 म्हणजे 0.67. लहान आकडा घेतला तर फोटो पुरा दिसतो आणि दोन्ही बाजूंना 100-100 ठिपके रिकामे राहतात. मोठा घेतला तर चौकट भरते आणि वर-खाली मिळून 150 ठिपके कापले जातात. चेहरे लांबुळके होतात ते दोन दिशांना दोन वेगळे स्केल दिल्याने, तेव्हा दोन्हीकडे एकच आकडा जायला हवा. स्केल-टू-विड्थ ही तयार सोय आहे, पण झूम लावलेला असताना जुन्या आवृत्त्यांत ती पडद्यावरचं माप धरते आणि आपला 1800 चा हिशेब बिघडतो. भागाकार काही अवघड नाही.

चौकट भरायची ठरवली तर कापायचं कुठून? सरधोपट कोड मध्य धरतो. दसऱ्याच्या मिरवणुकीच्या, म्हणजे जंबू सवारीच्या फोटोत हत्तीच्या पाठीवर 750 किलोंची सोन्याची अंबारी आणि तीत चामुंडेश्वरीची मूर्ती असते. उभ्या फोटोत ती नेमकी वरच्या टोकाला येते. मध्य धरून कापलं की हत्ती राहतो आणि देवी जाते. म्हणून वरून कमी आणि खालून जास्त कापणं हा चांगला आरंभ आहे, पुढे पाहुणा बोटाने सरकवेलच.

बोटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. फॅब्रिक मुळात माउसच्या विचाराने बनलं आहे. दोन बोटांची चिमटी त्याच्या नेहमीच्या बांधणीत मिळत नाही. कोपऱ्यांचे ठोकळे बोटाला सापडत नाहीत, त्यांचं स्पर्शाचं माप 40 च्या आसपास वाढवा. कडांच्या मधले चार ठोकळे लपवा, त्यांच्यानेच फोटो एका दिशेने ताणला जातो. कोपरा ओढत समोरच्या कोपऱ्यापलीकडे नेला तर फोटो आरशात पाहिल्यासारखा उलटतो. ते लॉक-स्केलिंग-फ्लिपने बंद करा. याउपर खाली एक सरकपट्टी द्या. पन्नाशीपुढच्या पाहुण्यांना ठोकळ्यांपेक्षा ती पटकन कळते. पट्टीने स्केल बदलताना फोटो एका कोपऱ्याकडे पळतो, कारण जुन्या आवृत्त्यांत मोजमापाचा आरंभ डाव्या-वरच्या कोपऱ्यातून असतो. तो मध्याला आणा. आणि कोडमधून स्केल बदलल्यावर सेट-कोऑर्ड्स म्हणायला विसरू नका. नाहीतर फोटो नव्या आकारात दिसतो, पण बोटाला मात्र जुन्या जागीच सापडतो.

मजकुराबद्दल एक इशारा, कारण तो इंग्रजी मार्गदर्शनात सहसा मिळत नाही. 'दसऱ्याच्या शुभेच्छा' ही ओळ फॅब्रिक सबंध एकदम रंगवतं तोवर सगळं ठीक. पण अक्षरांतलं अंतर वाढवलं, ओळ दोन्ही कडांना जुळवली किंवा एखाद्याच अक्षराला वेगळा रंग दिला, की ते एकेक तुकडा सुटा रंगवू लागतं आणि 'ऱ्या' फुटतो, काना-मात्रा भलतीकडे जातात. मोकळी अक्षरं हवीत तर तशा वळणाचा फाँट घ्या, अंतराला हात लावू नका. फाँट उतरण्याआधी ओळ रंगवली तर मोबाइलमधला कुठलाही फाँट लागतो आणि ओळीची लांबीही चुकते. तेव्हा आधी फाँट तयार झाल्याची वाट पाहा, मग लिहा.

कार्ड बाहेर काढताना

निर्यात करताना फॅब्रिकला द्यायचा गुणक म्हणजे एक भागिले झूम. झूम 0.2 असेल तर गुणक 5, आणि कार्ड 1800 बाय 1200. एवढ्यावर थांबायचं. याच ठिकाणी कुणी पडद्याच्या घनतेचा पर्यायही चालू करतं, आणि तिप्पट घनतेच्या मोबाइलवर कार्ड 5400 बाय 3600 चं होतं, म्हणजे 1 कोटी 94 लाख ठिपके. आयफोनच्या सफारीच्या बऱ्याच आवृत्त्यांत कॅनव्हासची मर्यादा 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 ठिपक्यांची असते. तिच्यापुढे गेलं की कुरकुर न करता कोरं चित्र हाती येतं. कोऱ्या कार्डाची तक्रार फक्त आयफोनवाल्यांची असेल तर हा गुणाकार आधी तपासा. झूमचा भागाकार पुरा न गेल्याने रुंदी कधी 1799 भरते, त्याने छपाई अडत नाही.

दुसरी अडचण सुरक्षेची. कार्डाच्या पाठीमागचा राजवाड्याचा फोटो दुसऱ्या सर्व्हरवरून येत असेल तर तो दिसतो, पण त्यानंतर ब्राउझर कॅनव्हासला हात लावू देत नाही आणि निर्यातीला नकार येतो. फोटो आणताना क्रॉस-ओरिजिनला 'अनॉनिमस' म्हणावं लागतं आणि त्या सर्व्हरनेही परवानगी द्यावी लागते. दोन्हींतलं एक पुरत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे तो फोटो आपल्याच सर्व्हरवर ठेवणं.

प्रकार जेपेग आणि दर्जा 0.8 ते 0.85 ठेवा. जेपेगला पारदर्शकता कळत नाही, तेव्हा रिकाम्या जागा काळ्या होतात. आधी पांढरी पार्श्वभूमी रंगवा. वेबपी मागत असाल तर हातात काय आलं ते तपासा. सफारीला वेबपी लिहिता येत नाही आणि तो गुपचूप पीएनजी देतो, पाचपट जड. एक फायदा मात्र न मागता मिळतो. कॅनव्हासमधून बाहेर पडलेल्या फाइलमध्ये मूळ फोटोतली जागेची आणि वेळेची नोंद राहत नाही. पाहुण्याने घरी काढलेला फोटो वापरला तरी त्याच्या घराचं ठिकाण कार्डासोबत गावभर फिरत नाही. मालकाला हे आवर्जून सांगा.

हेच सगळं दुसऱ्या एका कामाला जसंच्या तसं उपयोगी पडतं, ते म्हणजे भरतीच्या फॉर्मचे फोटो. आयबीपीएसच्या बँक परीक्षांसाठी फोटो 200 बाय 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबी, सही 140 बाय 60 आणि 10 ते 20 केबी असा नियम असतो. त्या-त्या वर्षीची जाहिरात पाहूनच आकडे घालावेत. माप नेमकं देणं सोपं, केबी नेमके देणं नाही, कारण ते दर्ज्याला सरळ गुणोत्तरात जात नाहीत. तिथे मधला आकडा धरत जायचं. दर्जा 0.5 ने फाइल काढा. जड झाली तर खालच्या अर्ध्यात, हलकी झाली तर वरच्या अर्ध्यात पुन्हा मधला. सहा-सात फेऱ्यांत उत्तर येतं आणि एवढ्याशा चित्रासाठी त्याला क्षणही लागत नाही. दर्जा 1 वर नेऊनही फाइल 20 केबीच्या खालीच राहत असेल, तर जाहिरातीत पिक्सेलचं माप सक्तीचं आहे की नुसतं सुचवलेलं, ते वाचा. सुचवलेलं असेल तर त्याच प्रमाणात दोन्ही बाजू दीडपट करा आणि फेऱ्या पुन्हा चालवा.